ब्रेकमधली बचत कोणाच्या खिशात?

शेतकरी भावांनो,

ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. त्या वेगासाठी जळालेल्या डिझेलचे पैसे मात्र भाड्यात आपणच भरतो. २००५ साली आलेल्या 'छोटा हत्ती'चा विजेवरचा भाऊ २०२२ साली आला. ब्रेकच्या वेळी त्याची मोटारच डायनामो होऊन बॅटरीत वीज भरते. या तंत्रज्ञानाला आपला विरोध नाही. पण खरी बचत होते ती चौकाचौकात थांबणाऱ्या शहरी गाडीची. गावातून जिनिंगपर्यंत सरळ धावणाऱ्या कापसाच्या गाडीला ब्रेक लागतोच किती? तेव्हा शहरातले आकडे दाखवून कोणी गाडी गळ्यात मारू लागला, तर ठणकावून सांगा : कापूस भरून आमच्या रस्त्यावर चालवून दाखव! आणि खर्च खरंच वाचला, तर आधी आमचं भाडं उतरव!