तयार कर्नलचे सुख

'कर्नल स्वतः कंपाइल कशाला करायचा? तयार मिळतो की!' असे संगणकशास्त्राचे सहकारी म्हणतात आणि साहित्याचे सहकारी मान डोलावतात. विद्यार्थी मूळ पुस्तक सोडून गाईडे वाचतात म्हणून वर्षभर कुरकुरणाऱ्यांनीच ही मान डोलवावी, याचे आम्हांला नवल वाटते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्र आणि त्यावरचे सारे प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. लिनक्सच्या कर्नलचा सोर्स कोड, आमच्या भाषेत मूळ पाठ, १९९१ पासून सर्वांपुढे उघडा आहे. नवी आवृत्ती उतरवून घ्यायची, चालू कर्नलची 'कॉन्फिग' फाइल तिच्यात ठेवायची आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' ही आज्ञा द्यायची. मग नव्याने आलेल्या बाबींपुरते प्रश्न येतात : हे गाभ्यातच हवे, लागेल तेव्हा जोडायचे मॉड्यूल म्हणून हवे, की नकोच? बहुतेक प्रश्नांना टीप असते, आणि कितीतरी टिपांच्या शेवटी 'खात्री नसेल तर नाही म्हणा' अशा अर्थाचा सल्ला. (इतका प्रांजळ टीकाकार आमच्या अभ्यासक्रमात दुर्मीळच!) पुढे 'मेक', मग मॉड्यूल्स आणि कर्नल जागेवर बसवणे. जुना कर्नल बूट मेनूत राहू द्यावा. नवा सुरूच झाला नाही तर परतीची वाट हवी.

सुरक्षेच्या दुरुस्त्या वितरक आयत्या पोचवतात आणि स्वतः घडवलेल्या कर्नलची निगराणी आपल्याच गळ्यात पडते, हे खरे. ऊठसूट कंपाइल करा असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप त्या 'कशाला'ला आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. अपपाठांनी त्रासलेल्या संपादकाची ती ताकीद समजण्याजोगी आहे. लिनक्सने १९९२ मध्ये स्वीकारलेला जीपीएल परवाना नेमके उलटे सांगतो : ओवी खुशाल घाला, मात्र ग्रंथ इतरांना देणार असाल तर तीही उघड करा. टिवो या अमेरिकी कंपनीने यातून पळवाट काढली. तिच्या दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या यंत्रात लिनक्स होता, पाठही तिने नियमाप्रमाणे दिला; पण यंत्र डिजिटल स्वाक्षरी तपासे आणि बदललेला कर्नल चालवायचे नाकारी. २००७ मध्ये जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने ही वाट अडवली. लिनक्स मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. यंत्र कसे असावे हे परवान्याने सांगू नये, असे लिनस टोरवाल्ड्स यांचे मत. आम्हांला ते पटत नाही. आज अनेक अँड्रॉइड फोनांत लिनक्सच असतो, आणि बूटलोडर कुलूपबंद.

पाठ वाचा, पण त्यावरून आपली प्रत सिद्ध करू नका, हा कुठला वाचनाचा हक्क? आणि ज्याने कधी कंपाइल केलेच नाही, त्याला हे कुलूप दिसणार तरी कसे? पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या मित्रांनी विभागातला एखादा जुना, अडगळीतला संगणक विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. त्यावर 'मेक' संपायला काही तास लागतील. तोवर पाठभेदांवरचे व्याख्यान उरकता येईल.