रियाज वेशीला टांगावा काय?

दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी घरात गेल्या महिन्यात गिटारीवरून सासूसुनांची थोडी बोलाचाली झाली. सून माझी विद्यार्थिनी. मुले हाताशी आल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने हे वाद्य हाती घेतले. रात्री निजानीज झाली की स्वयंपाकघराचे दार लोटून ती वाजवते. ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ते मुद्रित करते आणि आपल्यासारख्याच वीस-पंचवीस शिकाऊ मंडळींना धाडून देते. त्यांत कोणी इंदूरचा, कोणी पुण्याचा, एक मुलगा तर कॅनडातला. त्यांचेही वादन हिला येते. सासूबाईंचे म्हणणे एवढेच, की "अगं, घरात चुकतेस ते आम्ही ऐकतोच, ते गावाला कशाला ऐकवायचं?" निवाडा दोघींनी माझ्यावर सोपविला. खरे सांगायचे तर माझे मन प्रथम सासूबाईंच्या बाजूस झुकले होते.

त्यास कारण आहे. माझे वडील सतारिये. १९४८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बडोदे दरबारच्या कलावंतांत नोकरीस लागले, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जेमतेम वर्षभराची ती चाकरी. परंतु 'दरबारी' हे बिरुद त्यांना जन्मभर पुरले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. घरचा दंडक असा, की बैठक उघड्या दाराने आणि रियाज बंद दाराआड. पहाटे कोणी पाहुणा आलाच तर सतारीवर गवसणी चढे. भात शिजत असता पंगत बसवीत नाहीत, असे ते म्हणत. या वळणात वाढलेल्या माणसास कच्चे वादन चारचौघांत धाडणे म्हणजे घरचे वेशीला टांगणे वाटले, तर नवल नाही.

तथापि बडोद्याच्या माणसाने या गोष्टीवर दोनदा विचार करावयास हवा. घराण्यांच्या दाराआडची विद्या चव्हाट्यावर आणण्याचे काम याच शहरात मोठ्या धडाडीने झाले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. ज्यांच्या घरी कधी तंबोरा नव्हता त्यांची मुले तेथे शिकू लागली. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसविली, छापील पुस्तके काढली. १९१६ साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यासच. सुरसागराच्या काठी विद्यापीठाचे संगीत महाविद्यालय आजही चालते. म्हणजे विद्या उघडी केली. शिकताना होणारी फजिती तेवढी झाकलेलीच राहिली.

ध्वनिमुद्रिकांनीही ती झाकलीच. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका झाल्या, तेव्हापासून तीन-साडेतीन मिनिटांत बसेल असे, घासूनपुसून तयार केलेले गाणे काय ते आपल्या कानी आले. फैयाज खाँसाहेबांचे मुद्रण आपल्यापाशी आहे, हे आपले भाग्य. भास्करबुवा बखल्यांचे तेवढेही नाही. पण खाँसाहेब पहाटे एखादी जागा पंचवीस वेळा कशी घोटीत असतील, ते ऐकण्यास काही साधन नाही. शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

आता गिटारीकडे वळू. या वाद्याची एक खोड अशी, की त्याचे तोंड वाजविणाऱ्याकडे नसून समोर असते. वादकाला ऐकू येतो तो बाजूने आलेला आवाज. त्यात नवशिक्याचे सारे चित्त डाव्या हाताच्या बोटांत. 'एफ' कॉर्ड धरावयाची म्हणजे तर्जनी आडवी करून पहिल्या पडद्यावर साऱ्या तारा दाबाव्या लागतात. त्या खटाटोपात दोन तारा मुक्या राहतात, एक खरखरते, आणि कॉर्ड बदलताना लय घटकाभर थांबते. वाजविताना यातले काही जाणवत नाही. मुद्रण ऐकले की सारे लख्ख दिसते. सोप्या जागी आपण धावतो आणि अवघड जागी रेंगाळतो, हे मी वर्गात शंभर वेळा सांगितले असेल. माझ्या विद्यार्थिनीला ते पटले साखरेच्या डब्याला टेकविलेल्या त्या मोबाइलने. (मोबाइल भोकासमोर न ठेवता हातभर अंतरावर, बाराव्या पडद्याच्या रोखाने ठेवावा व पंखा बंद करावा, एवढे मी तिला सुचविले. जाड तारेचा खर्ज मोबाइलच्या कर्ण्यातून नीट येत नाही. तेव्हा ऐकताना तरी कानाला श्रवणयंत्रे लावावीत.)

परंतु स्वतः ऐकणे वेगळे आणि दुसऱ्यास धाडणे वेगळे, असे सासूबाई म्हणतील. येथे घरचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वडिलांच्या माझ्याकडे दोन कॅसेटी आहेत. एक बैठकीची. दुसरी १९९४ सालची. मी यंत्र चालू ठेवून विसरलो आणि त्यात त्यांचा रियाज सापडला. दरबारी कानड्यातल्या कोमल गंधाराचे आंदोलन ते धरू पाहत आहेत आणि ते हाती लागत नाही. मिंड जरा चढी जाते. ते स्वतःलाच काही बोलतात, तार उतरवून पुन्हा मिळवितात, पुन्हा ओढतात. मध्येच आई "चहा निवतोय" म्हणून हाक मारते, तिलाही उत्तर नाही. एकविसाव्या खेपेस, मी मोजले आहे, गंधार जागेवर येतो. वडील १९९८ साली गेले. बैठकीची कॅसेट मी श्राद्धाच्या दिवशी लावतो. ही दुसरी मात्र झिजेल या भयाने तिची नक्कल करून ठेवली आहे. मला जे काही येते त्यातले निम्मे तिने दिले. त्यांना विचारले असते तर ती त्यांनी खचित पुसावयास लावली असती.

म्हणून निवाडा सुनेच्या बाजूने दिला. दोन तक्रारी मात्र तिच्यापाशीही केल्या. एक अशी, की ही मंडळी तीस वेळा वाजवून त्यातले एक निर्दोष तेवढे धाडू लागली आहेत. मग बैठकीत आणि यात अंतर ते काय राहिले? दुसरी 'वा वा'ची. कोणी काही धाडले की पाच मिनिटांत दहा अंगठे वर होतात. पाच मिनिटांचे वादन पाच मिनिटे तरी ऐकावे लागते, हा साधा हिशेब आहे. "तिसऱ्या कॉर्डला तुझी दुसरी तार वाजली नाही" असे लिहिणारा एक सोबती त्या दहा अंगठ्यांहून अधिक मोलाचा. तसे लिहिण्यास थोडे धैर्य लागते, आणि ते वाचून दुसऱ्या रात्री पुन्हा गिटार काढण्यास त्याहून अधिक.

सासूबाईंनी निकाल ऐकून घेतला आणि विचारले, "मग मास्तर, तुम्ही का नाही धाडत?" प्रश्न अडचणीचा होता. गेल्या रविवारी दार उघडे ठेवून मी यमनचा रियाज मुद्रित केला, चुकलेल्या तानांसह, आणि सुनेकरवी त्या मंडळींना धाडला. नऊ अंगठे आले. कॅनडातल्या त्या मुलाने मात्र दोन दिवसांनी लिहिले, "काका, चौथ्या मिनिटापासून तुमची चिकारी उतरली आहे."

मी ऐकून पाहिले. उतरली होती.