शोकाची मुदत कोणी ठरवली?

१/ ‘पूर्वीची माणसे एकनिष्ठ होती, आता जोडीदार गेला की वर्षभरही धीर धरवत नाही.’ असले वाक्य येथे वारंवार फिरते आणि आपण माना डोलावतो. आज त्याची उलटतपासणी करू. #थ्रेड

२/ साल १८७३. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. विधवाविवाहाचा कैवार घेणारे ३१ वर्षांचे रानडे वडिलांच्या आग्रहापुढे नमले. त्याच वर्षअखेर ११ वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

३/ त्यांना बोल लागला तो वधू विधवा नव्हती म्हणून. ‘इतक्या लवकर दुसरे लग्न?’ हा आक्षेप रूढीला सुचलाच नाही. पुरुषाचा शोक सुतकाबरोबरच फिटत असे.

४/ आता देवरुखच्या गोदूबाई जोशी पाहा. बालपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. पुढे केशवपन. ज्याच्याशी संसारच झाला नाही, त्याचा शोक जन्मभर! याला निष्ठा म्हणायचे, की शिक्षा?

५/ ‘पण १८५६ चा कायदा होता ना?’ होता. पुनर्विवाह वैध ठरला. मात्र त्याच कायद्यान्वये पुनर्विवाहित स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपत असे. विधुराला अशी किंमत मोजावी लागत नव्हती.

६/ १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पदरी मुलगा रघुनाथ. पुन्हा विवाह केला तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय. ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी विवाह केला.

७/ मुरूडने या दांपत्यावर बहिष्कार घातला. लक्षात घ्या: कर्व्यांनी कुमारिका वरली असती, तर हेच गाव पंगतीला बसले असते. राग दिवंगत राधाबाईंच्या विस्मरणाचा नव्हताच. एका विधवेने पुन्हा कुंकू लावले, याचा होता.

८/ कोणी म्हणेल, १९०१ मध्ये रानडे गेल्यावर रमाबाईंनी पुनर्विवाह केला नाही. पुण्यात सेवासदन उभारले. खरेच, तेही आयुष्य भरलेलेच होते. पुन्हा लग्न करणे हे कर्तव्य नव्हे. एकटे राहण्याला निष्ठेचे मोल येते ते दुसरी वाट मोकळी असेल तेव्हाच. बंद दारामागच्या मुक्कामाला व्रत म्हणू नये.

९/ गेलेल्याची आठवण आणि नव्याची ओढ एकाच काळजात नांदू शकतात. त्यांत वैर लावले ते रूढीने, आणि तेही केवळ स्त्रीच्या काळजात.

१०/ तेव्हा पुढल्या वेळी कुणा विधवेच्या दुसऱ्या लग्नाच्या छायाचित्राखाली ‘इतक्या लवकर?’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा. तुमच्या मुखातून मुरूडची पंचायत तर बोलत नाही ना?