चांद्याचा बिशप आणि नायसियाचा आठवा नियम

बल्लारपूर म्हटले की कागदाचा कारखाना, कोळशाच्या खाणी आणि गोंड राजांचा किल्ला आठवतो. याच गावात एका पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेच्या बिशपाचे आसन आहे, हे विदर्भातही फारसे कोणाला ठाऊक नसते. नागपूरचे कॅथलिक आर्चबिशप लॅटिन परंपरेचे. चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा या जिल्ह्यांचे बिशप मात्र सिरो-मलबार, म्हणजे केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती समाजाच्या परंपरेतले. पोप दोघांचेही एकच. उपासनाविधी वेगळा आणि धर्मकायदाही वेगळा. (शहराचे चंद्रपूर झाले त्याला कित्येक दशके लोटली, धर्मप्रांताचे नाव अजून 'चांदा'च आहे.)

या विभागणीचे मूळ शोधायचे तर इ.स. ३२५ पर्यंत मागे जावे लागते. तिसऱ्या शतकात सम्राट डेशियसच्या छळात अनेकांनी भीतीपोटी श्रद्धा नाकारली. छळ ओसरल्यावर ते परत आले, तेव्हा त्यांना सामावून घेण्यास नोवाशियनच्या अनुयायांनी नकार दिला. स्वतःला 'शुद्ध' म्हणवणारा हा गट वेगळा झाला; त्याचे बिशप वेगळे, धर्मगुरू वेगळे. पुढे नायसियाच्या परिषदेत प्रश्न आला : हे 'शुद्ध' मुख्य प्रवाहात परतू इच्छितात, तर त्यांच्या बिशपांचे काय करायचे?

आठव्या नियमाने दिलेले उत्तर मोठे समंजस आहे. त्यांचे पद हिरावू नये. जिथे दुसरा बिशप नाही, तिथे तेच बिशप राहोत. जिथे आहे, तिथे परतलेल्याला धर्मगुरूचा मान मिळावा. स्थानिक बिशपाची इच्छा असल्यास बिशपपदाचे नावही राहू द्यावे. नाहीतर त्याला खेड्यात ग्रामबिशप नेमावे. उद्देश एकच, एका नगरात दोन बिशप होऊ नयेत.

पुढील शतकांनी या नियमाची शेवटची ओळ तेवढी पाठ केली. पद राखून समेट घडवण्याचा भाग मागे पडला आणि 'एक प्रदेश, एक अधिकार' हे ब्रीद उरले. त्याचा सर्वांत मोठा फटका बसला तो संत थॉमसच्या ख्रिस्ती समाजालाच. १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेनंतर लॅटिन बिशपांनी त्याचा ताबा घेतला. १९२३ मध्ये त्याला स्वतःची बिशपव्यवस्था मिळाली, तीही भारतप्पुळा आणि पंपा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यापुरती. त्यापलीकडचा भारत लॅटिन बिशपांचा. समेटाच्या नियमाचे हे असे कुंपण झाले.

१९६२ मध्ये रोमने ते कुंपण चांद्यात ओलांडू दिले. तेव्हा गडचिरोली स्वतंत्र जिल्हा नव्हता; सारा मुलूख चांदा जिल्हाच. केरळाबाहेरचे हे पहिले क्षेत्र सिरो-मलबार परंपरेच्या कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपवले गेले. १९६८ मध्ये त्याचा दर्जा वाढला आणि १९७७ मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत झाला. मात्र दोन बिशप एकत्र नांदले नाहीत. लॅटिन अधिकार मागे सरला, पौर्वात्य अधिकार आला. नियम अबाधित राहिला; बदलला तो धनी.

न्याय एका समाजाला मिळाला, हे मान्यच करावे लागेल. पण तिथे आधीपासून असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे काय? आरंभीच्या मंडळीचा कायदा या बाबतीत स्पष्ट होता. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात अन्नवाटपाच्या तक्रारीवर सात सेवक नेमायचे ठरते, तेव्हा निवड समुदाय करतो, प्रेषित फक्त हात ठेवून मान्यता देतात. 'दिदाखे' ही जुनी नियमपोथी बिशप व डीकन तुम्हीच निवडा असे सांगते. पाचव्या शतकातील पोप लिओ यांचेही मत हेच होते, की सर्वांवर ज्याचा अधिकार, त्याची निवड सर्वांनी करावी. खुद्द मलबारात 'पळ्ळियोगम' ही कुटुंबप्रमुखांची सभा चर्चचा कारभार पाहत असे. अशी सभेची परंपरा असलेला समाज चांद्यात आला, तो रोमच्या फर्मानाने. मेंढा (लेखा) येथे प्रत्येक निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. त्या गावकऱ्याला सात सेवकांची गोष्ट धर्मशास्त्राच्या पंडिताआधी उमगेल.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे ग्रामबिशप. 'एका नगरात एक' हा नियम नगरांसाठी होता. खेड्यापाड्यांत अधिकारी वेगळे असत. पण ३१४ च्या अँकायरा परिषदेने त्यांचा दीक्षा देण्याचा अधिकार आवळला. ३४३ च्या सार्डिका परिषदेने तर लहान गावात बिशपच नको म्हटले, का, तर पदाची किंमत उतरेल. लाओदिकियाच्या नियमांनी त्यांच्या जागी फिरते पर्यवेक्षक आणले. हा निर्णय शहरी माणसांचा होता, हे उघड दिसते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखात बल्लारपूरला बसलेला एक बिशप म्हणजे नगराच्या मापाने बेतलेला अंगरखा. फिरता पर्यवेक्षक येतो आणि जातो. ग्रामबिशप तिथलाच असायचा.

दोन बिशपांची भीती मात्र पुढे विरली. १९८८ मध्ये कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला तो मुंबईच्या लॅटिन क्षेत्रावरच, आणि २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या परंपरेला सगळा भारत खुला केला. चांद्याची सीमा तोवर एकदा बदलली होती. १९९९ मध्ये प्राणहितेपलीकडचा आदिलाबादचा भाग वेगळा काढून तिथे दुसरा बिशप नेमला गेला. नदीच्या अलीकडचे सिरोंचा बल्लारपूरकडेच राहिले.