विश्लेषण : सत्तर वर्षांपूर्वीचे विज्ञानपट आजही का खिळवून ठेवतात?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर प्रकल्प राबवला गेला. यंत्रमानव शेतात उतरणे ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. मात्र एवढी ताकद हाती आल्यावर माणूस तिचे काय करणार, हा प्रश्न कायम आहे. १९५०च्या दशकातील विज्ञानपट याच प्रश्नाभोवती फिरतात. त्यांचे आकर्षण टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

भीती कशाची होती?

हिरोशिमा-नागासाकीच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये (१९५१) परग्रहावरचा क्लाटू माणसांना इशारा देण्यासाठी जगभराची वीज अर्धा तास बंद पाडतो. रुग्णालये आणि आकाशातली विमाने मात्र तो वगळतो. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्याला वीज जाण्याचे अप्रूप नाही. पण ताकद दाखवतानाही जीव जपणारा हा पाहुणा लक्षात राहतो.

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सारी राख जपानी मच्छीमारांवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. त्यातला शास्त्रज्ञ सेरिझावा आपले संशोधन शस्त्र म्हणून वापरले जाऊ नये, यासाठी टिपणे जाळतो आणि स्वतःही समुद्रतळाशी प्राण देतो.

तंत्र जुने, तरी परिणाम कसा?

गॉडझिला म्हणजे रबरी पोशाखातला माणूस, हे आज शाळकरी मुलगाही ओळखेल. पण या चित्रपटांची भिस्त करामतींवर नव्हती. करामती जुन्या होतात. सेरिझावाची घालमेल जुनी होत नाही.

आपल्याकडे काय घडले?

‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये (१९६४) किशोरकुमार अदृश्य झाले, तर ‘चाँद पर चढ़ाई’त (१९६७) दारासिंग चंद्रावर पोहोचले. मात्र गाणी आणि हाणामारीपुढे विज्ञान मागे पडले. मराठीत विज्ञानाचा गंभीर विचार पडद्यापेक्षा जयंत नारळीकरांच्या कथांतून अधिक झाला.

आज ते का पाहावेत?

‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला (१९५६) रॉबी हा यंत्रमानव माणसाला इजा करण्याचा हुकूम पाळू शकत नाही. याच चित्रपटातल्या क्रेल जमातीने मनातली इच्छा प्रत्यक्षात आणणारे यंत्र बनवले. मनात दडलेला द्वेषही त्या यंत्राने प्रत्यक्षात आणला आणि क्रेल एका रात्रीत संपले. एका बोटाने अफवा गावभर पोहोचवणारा मोबाइल खिशात असताना ही गोष्ट परकी वाटत नाही.

म्हणूनच ड्रोन आणि रोबोट शिकणाऱ्या परभणीच्या विद्यार्थ्यांना हे चित्रपट दाखवून त्यांच्यावर चर्चा घडवायला हवी. यंत्र कसे चालवायचे, हे पुस्तकात मिळेल. ते कुठे थांबवायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.