ठपका ठेवण्याआधी दुसरी वाट दाखवा

उभी नोकरी मी नीरा डाव्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यात काढली. टंचाईत एकाला दिलं की दुसऱ्याचं तुटतं, हे रोजचंच. म्हणूनच बारामतीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातवाने ‘फ्रॉस्टपंक’ हा संगणकावरचा खेळ लावला, तेव्हा मी तो शेवटपर्यंत पाहिला. त्याचा शेवट मला मान्य नाही.

पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओजने २०१८ मध्ये हा खेळ आणला. काळ कल्पित १८८६चा. पृथ्वी गोठली आहे, लंडनहून निघालेली माणसं कोळशाच्या प्रचंड जनित्राभोवती वस्ती करतात आणि खेळणारा त्यांचा प्रमुख असतो. कोळसा पुरत नाही, अन्न पुरत नाही. मग एकेक कायदा करायचा. कामाची पाळी सलग चोवीस तासांची करायची का? जेवणात लाकडाचा भुसा मिसळायचा का? मुलांना कामाला जुंपायचं का? पुढे लोक वस्ती सोडायच्या गोष्टी करू लागतात, तेव्हा त्यांना आवरण्यासाठी शिस्त किंवा श्रद्धा यांपैकी एक मार्ग धरावा लागतो. शेवटच्या वादळात तापमान उणे दीडशे अंशांपर्यंत उतरतं. वस्ती तगली, की खेळ तुमच्या कायद्यांचा हिशेब मांडतो. तुम्ही फार कठोर झाला असाल, तर मर्यादा ओलांडलीत असं सांगतो आणि विचारतो, हे सारं करण्याजोगं होतं का?

नातवाने वस्ती वाचवली होती. तरी त्याचा चेहरा उतरला. “आबा, दुसरं काय करणार होतो मी?” त्याने विचारलं. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं.

कुणालाही दोषी धरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. दुसरी वाट होती का? ती धरण्याची ऐपत होती का? मर्यादा कुठे आहे, हे आधी सांगितलं होतं का? मुलांच्या बाबतीत खेळ दुसरी वाट देतो, त्यांच्यासाठी निवारे बांधता येतात. ते टाळून मुलांना खाणीत धाडलं, तर तो दोष खेळणाऱ्याचाच. पण शिस्तीच्या मार्गावर नेमक्या कोणत्या पायरीला मर्यादा सुटते, हे खेळ शेवटी सांगतो. कोळसा किती, थंडी किती, हे ज्यांनी ठरवलं, ते मात्र त्या हिशेबात कुठेच नसतात. याच कंपनीचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ पोलंडने २०२० मध्ये शाळांच्या वाचनयादीत घेतला. ज्या खेळांना एवढं गांभीर्याने घेतलं जातं, त्यांच्या न्यायबुद्धीलाही प्रश्न विचारायला हवेत.

आमच्या भागात असाच खटला ऊसकऱ्यावर चालतो. ऊस पाणी फार पितो, हे खरं आहे. बारामतीच्या वरच्या अंगाला उसाचे फड डोलतात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, इंदापुरात चारी कोरडी पडते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पण कालवा १८८५चा, शेतकऱ्याच्या जन्माआधीचा. कारखाने सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर असे हाकेच्या अंतरावर. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं आणि ती देणं कारखान्याला कायद्याने बंधनकारक आहे. बाजरीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा भेटेल याची खात्री नाही. पाण्याची आवर्तनं कालवा सल्लागार समितीत ठरतात. शेतकऱ्याच्या हाती उरतो तो पाणीमागणीचा अर्ज आणि रात्रीची दारं धरणं.

म्हणून तो सगळ्यातून सुटतो, असं मी म्हणत नाही. जो रात्री चारी फोडून टेलवाल्याची पाळी पळवतो, त्याला दुसरी वाट होती. आपली पाळी येईपर्यंत तो थांबू शकत होता. तो दोष त्याचा आहे आणि मी तो कायम त्याच्याच नावावर मांडला. पण मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज आणि एकच खात्रीचं गिऱ्हाईक असलेलं पीक एवढंच समोर असताना ज्याने ऊस लावला, त्याला पाणी संपवणारा म्हणणं अन्याय आहे.

कमी पाण्याच्या पिकाला उसाइतकीच खात्रीची खरेदी द्या, टेलला ठरल्या तारखेला पाणी पोहोचवा. त्यानंतरही कुणी पाटाने ऊसच भिजवत राहिला, तर त्याला जरूर जाब विचारा. तोवर पहिला जाब धोरण आखणाऱ्यांनी द्यायला हवा.