दारावरचा कागद



या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो : लग्न, शिक्षण, घरवाटणी, परप्रांतात मुलांचे मराठी कसे टिकवावे, इत्यादी. गेल्या पावसाळ्यात पलसाण्याहून आलेले पत्र मात्र निराळे होते. पत्रलेखक तिशीच्या आतला, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस असलेला, आणि तेथील एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा सभासद. त्याने लिहिले होते, "आम्ही तरुणांनी उपासनेत थोडा बदल केला. त्या रविवारपासून माझे सख्खे काका उपासनेला येत नाहीत आणि माझ्याशी बोलतही नाहीत. आम्ही एकाच चाळीत राहतो, एकाच नळावर पाणी भरतो. आमचे काय चुकले?"

विषय एका धर्माच्या उपासनेचा असला तरी प्रश्न आपणां सर्वांच्या घरचा आहे, असे आम्हांस वाटले. ज्या गावी चार मराठी घरे आहेत त्या गावी एक मंडळ असते, आणि ज्या मंडळात दोन पिढ्या आहेत तेथे हा प्रश्न असतोच.

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कडोदरा मागे टाकून महामार्गाने नवसारीकडे निघाले की ते लागते. एके काळी हा मुलूख गायकवाडांच्या बडोदे राज्यात, नवसारी प्रांतात मोडत होता. त्यामुळे मराठी शब्द या मातीला अगदीच परका नाही. पुढे उसाची शेते आली, साखर कारखाने आले, माग आले, रंगाई-छपाईचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागून खानदेशातील व नगरकडील माणसे आली. त्यांत काही ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यांनी भाड्याच्या एका खोलीत रविवारची उपासना सुरू केली. पाळक महिन्यातून एकदा सुरतेहून येतात. एरवी मंडळीतील वडीलच उपासना चालवतात. पत्रलेखकाचे काका हे त्या वडिलांपैकी एक. पेटी तेच वाजवीत आणि गीतेही तेच सांगत.

बदल म्हणावा तर लहानच होता. तरुणांनी एका शनिवारी बसून नवा क्रम ठरवला. 'उपासना संगीता'तील गीतांऐवजी हिंदी व गुजराती गीते, पेटीऐवजी गिटार, आणि रात्रपाळी करून येणाऱ्यांना झोप मिळावी म्हणून सकाळी आठऐवजी दहाची वेळ. तो क्रम सुवाच्य अक्षरात लिहून त्यांनी कागद दारावर चिकटवला. रविवारी काका आले, त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, गीतांचे पुस्तक काखेत घेतले आणि ते घरी परतले.

सुरतेस जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही मुद्दाम पलसाण्यास उतरलो. काकांनी आदराने बसवले, चहा केला, आणि बराच वेळ पावसापाण्याचेच बोलत राहिले. शेवटी आम्हीच विषय काढला. ते म्हणाले, "गिटारीचं मला काही नाही हो. पोरांनी विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, दोन गीतं तुमची घ्या. पण पंचवीस वर्षं ज्या दारातून मी आत गेलो, त्या दारावर मला कागद वाचावा लागला."

त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका आजींनी जे सांगितले ते तर आमच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांना अक्षरओळख नाही. जुनी गीते त्यांना मुखोद्गत आहेत, म्हणून त्या घटकेपुरत्या त्या सर्वांच्या बरोबरीच्या असतात. नवी गीते कागदावर छापून वाटली गेली आणि त्या एकाएकी निरक्षर ठरल्या. उलट तरुणांचे म्हणणेही खोटे नव्हते. शिक्षण गुजरातीत झालेली एक मुलगी म्हणाली, "आम्ही ओठ हलवतो, पण जुन्या गीतांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आम्हांला लागत नाही. समजत नाही ते गाण्यापेक्षा समजतं ते गावं, एवढंच आमचं म्हणणं."

वाचकहो, या दोन्ही तक्रारी फार जुन्या आहेत. आपल्या वसईच्या कॅथलिक गावांत पिढ्यान्‌पिढ्या मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. तिचे शब्द भाविकांना पाठ असत, अर्थ थोड्यांनाच ठाऊक असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासना करण्यास मुभा दिली, आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. ज्या मराठीला आज जुनी माणसे जिवापाड जपतात, ती तेथे अशी नव्याने आलेली आहे. पलसाण्याची ती मुलगी जे मागत होती ते तत्त्वतः याहून वेगळे नव्हते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही असेच घडले. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, परदेशी चालींच्या जागी भजन-कीर्तनाचा देशी ढंग उपासनेत आणला. आणि ती पेटी? तीही मुळात युरोपात घडलेले वाद्य. आपल्याकडे येऊन ती भजनात इतकी मुरली की परकी वाटेनाशी झाली. तरीही आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ तिला आपल्या दारात उभे केले नव्हते. म्हणजे काका ज्या परंपरेचे राखणदार म्हणून बसले होते, ती कोणा काळच्या तरुणांनीच घातलेली होती. मात्र ही गोष्ट वडीलधाऱ्यांच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. नवे टिकले तर त्याचीही एक दिवस परंपरा होते, आणि तेव्हा तिचे राखणदार आपण असू, एवढा बोध तरुणांनी तीतून घ्यावा.

टिळकांच्याच घरची एक गोष्ट येथे आठवते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तो वज्राघात होता. पतिपत्नी काही वर्षे दूर राहिली. पुढे एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे चालूच होते, आणि टिळकांनी ते चालू दिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, आणि तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाला. ज्याच्या शब्दाने सभा हलत, त्या पुरुषाला स्वतःच्या घरात पाच वर्षे थांबावे लागले. पण त्या थांबण्याचे फळ पाहा : १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले व १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ओढून आणलेल्या माणसाने एवढे ओझे कधी उचलले असते काय?

थांबणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. उत्तर भारतातील चर्चच्या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्या एक झाल्या. एकेचाळीस वर्षे! आरंभीच्या बैठकीतील कित्येकांना शेवट पाहता आला नसेल. आणि एवढे करूनही सारे सुरळीत झाले नाही. आपल्या या दक्षिण गुजरातेतच ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा पुढे उभा राहिला व थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली न्यायालयाने सांगितले की, नुसता ठराव केल्याने एका संस्थेची विश्वस्त मालमत्ता दुसऱ्या संस्थेची होत नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच गेले पाहिजे. भावनेचा पूर आला असतानाही वहीतील नोंद आणि रीतसर संमती विसरू नये, हा त्यातील धडा लहान मंडळांनीही घेण्यासारखा आहे.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत होतो. गणेशोत्सवातील कीर्तनाला गर्दी होत नाही म्हणून आम्ही ते बंद करून वाद्यवृंद ठेवला. ठराव अकरा विरुद्ध चार मतांनी संमत झाला. त्या चार वृद्धांनी वाद घातला नाही. आम्हांस तो आमचा विजयच वाटला. दुसऱ्या वर्षी आरतीस उभे राहिलो तेव्हा दुसऱ्या आरतीनंतर आवाज पडू लागला. सर्व आरत्या ज्यांना तोंडपाठ होत्या ती माणसे घरी बसली होती, आणि आम्ही ध्वनिफीत शोधत होतो. त्या चौघांतील एक गृहस्थ त्याच वर्षाअखेर वारले. त्यांच्याकडे एकदा जाऊन यावे असे आमच्या मनात होते. ते राहूनच गेले. बहुमताने आम्ही ठराव जिंकला आणि माणसे गमावली, हे समजण्यास आम्हांस एक अंत्ययात्रा लागली.

म्हणून त्या तरुणास आम्ही जे सांगितले ते उपदेश म्हणून नव्हे, तर ठेच लागलेल्याने मागच्यास सांगावे तसे सांगितले. पहिली गोष्ट, दारावर कागद लावण्याआधी घराघरांत जावे. ज्याचा विरोध होईल असे वाटते त्याच्याकडे सर्वांत आधी जावे, आणि जे सभेत कधीच बोलत नाहीत, त्या आजींसारख्यांना तर मुद्दाम विचारावे. दुसरी गोष्ट, बदल कायमचा न करता प्रथम मुदतीचा करावा. याच मुलखाचे धनी सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीकडील थोड्या गावांपुरता केला आणि अनुभव घेऊन १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. ज्याच्या हाती हुकूम होता, त्यानेही आधी करून पाहिले. आपल्या हाती तर हुकूमही नाही. तिसरी गोष्ट, गाभा कोणता आणि सवय कोणती हे दोन्ही पिढ्यांनी एकत्र बसून ठरवावे. आठची वेळ ही सवय आहे. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला उपासनेत स्थान असणे हा गाभा आहे. पेटी ही सवय असेल; पण निरक्षर आजींनी मोकळ्या गळ्याने गाणे हा गाभाच आहे.

आणि वडीलधाऱ्यांसही एक शब्द. काकांना आम्ही विचारले, "आपण घरी बसलात, पण आपली नाराजी एकदा तरी पोरांना बोलून दाखवलीत काय?" ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नाही. त्यांना कळायला हवं होतं." वाचकहो, हे 'कळायला हवं होतं' आपल्या किती घरांत, किती मंडळांत, वर्षानुवर्षे साचून राहिलेले असते! न बोलता रुसणे हाही हट्टच आहे, फक्त त्याला आवाज नसतो.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा पत्र आले. पुतण्या काकांकडे गेला, पहिल्या दिवशी दार उघडले गेले पण बोलणे झाले नाही. दुसऱ्या खेपेस झाले. दारावरचा कागद त्याने काकांच्या देखत काढला. आता तीन महिन्यांपुरते ठरले आहे की, दोन गीते जुनी व दोन नवी घ्यावीत. जुन्या गीताचा अर्थ काकांनी आधी चार वाक्यांत सांगावा. नवे गीत आधीच्या आठवड्यात आजींच्या घरी जाऊन त्यांना पाठ करून द्यावे. ती मुलगी आजींच्या तोंडून जुनी गीते ऐकून गुजराती लिपीत उतरवून घेते आहे. गिटार राहिली आहे, पण काकांनी एक अट घातली : ती पेटीच्या काळी दोनला लावून घ्यायची.

सर्व काही मिटले असे मात्र नाही. वेळेचा प्रश्न तसाच आहे. दोन कुटुंबे अजून येत नाहीत. पुतण्याने लिहिले आहे, "त्यांच्याकडे पुढच्या रविवारी काका आणि मी बरोबर जाणार आहोत." त्या पत्रातील 'बरोबर' हा शब्द आम्ही दोनदा वाचला.